ठराव क्रमांक 7 आणि 8: बंद केलेली पायवाट, बंद केलेल्या कथा

मा. अध्यक्ष आणि सन्माननीय सदस्य,
नियामक मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या एका सभेचे इतिवृत्त मला नुकतेच वाचायला मिळाले. त्यातला ठराव क्रमांक 7 असा आहे की, महाविद्यालयाच्या आवारातून नदीकडे जाणारी पायवाट कुंपणभिंत बांधून कायमची बंद करावी. ठराव क्रमांक 8 असा आहे की, इंग्रजी विभागातील ‘आफ्रिकी कथा’ हा वैकल्पिक पेपर विद्यार्थिसंख्येअभावी बंद करावा आणि त्याजागी संभाषणकौशल्याचा पेपर सुरू करावा. दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले आहेत आणि दोहोंच्या मध्ये चहापान झाल्याचीही नोंद आहे. या दोन ठरावांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे त्या सभेत कोणाच्या मनात आले नसावे. तो संबंध आपल्या आणि गावाच्या नजरेस आणावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

मी आपल्याच महाविद्यालयात 27 वर्षे इंग्रजी शिकवून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. ज्या पेपरावर आपण काट मारली तो मी 14 वर्षे शिकवला, आणि जी वाट आपण बंद केली तिच्यावरून मी रोज सकाळी घरून वर्गापर्यंत चालत आलो. याच आशयाची दोन पत्रे मी मंडळाला बंद लिफाफ्यातून पाठवली होती. आवक वहीत त्यांची नोंद झाली, पोच मिळाली, उत्तर मात्र मिळाले नाही. म्हणून तिसरे पत्र उघडे लिहीत आहे. त्यात कोणाची निंदा करण्याचा हेतू नाही. मंडळातले तीन सदस्य माझे विद्यार्थी आहेत आणि त्यांच्याविषयी मला आजही आपुलकी वाटते.

आपण बंद केलेल्या पेपरातली पहिलीच कथा चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाची होती: ‘डेड मेन्स पाथ’, म्हणजे मेलेल्या माणसांची वाट. अचेबे यांनी ती विद्यार्थिदशेत लिहिली, 1953 मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि पुढे 1972 च्या ‘गर्ल्स ॲट वॉर’ या संग्रहात आली. जेमतेम चार पानांची कथा आहे. जानेवारी 1949 मध्ये मायकेल ओबी नावाचा 26 वर्षांचा तरुण एनदुमे गावच्या मिशन शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळा मागासलेली म्हणून ओळखली जाते आणि मिशनला तिथे कोणीतरी तरुण, उत्साही माणूस हवा असतो. ओबीचे दोन संकल्प असतात: शिकवण्याचा दर्जा उंचावायचा आणि शाळेचे आवार देखणे करायचे. दुसऱ्या संकल्पात त्याची बायको नॅन्सी मनापासून सामील होते. लाल जास्वंदीचे आणि पिवळ्या अलमांडाचे कुंपण फुलते आणि आजूबाजूच्या रानापासून शाळा उठून दिसू लागते. एका संध्याकाळी ओबीला दिसते की, गावातली एक म्हातारी झेंडूच्या वाफ्यातून लंगडत सरळ पलीकडे चालली आहे. तो जवळ जाऊन पाहतो, तर वाफ्यांखालून एका पायवाटेची पुसट खूण गेलेली असते. ती वाट गावाच्या देवस्थानापासून दफनभूमीपर्यंत जाते. पुढच्या आठवड्यात सरकारी शिक्षणाधिकारी तपासणीला आले आणि त्यांना हे दिसले तर, अशी ओबीला काळजी वाटते. तो वाटेच्या दोन्ही तोंडांशी जाड खुंट रोवतो आणि वर काटेरी तार ओढतो.

तीन दिवसांनी गावचा पुजारी काठी टेकत त्याच्याकडे येतो. तो सांगतो की, ही वाट तुझ्या आणि तुझ्या बापाच्या जन्माआधीपासून इथे आहे. आमचे मेलेले लोक तिच्यावरून जातात, आमचे पूर्वज तिच्यावरून आम्हांला भेटायला येतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जन्माला येणारी मुले याच वाटेने येतात. ओबी हसून म्हणतो, असल्या समजुती नाहीशा करण्यासाठीच तर ही शाळा आहे. वर असेही सुचवतो की, शाळेला वळसा घालून दुसरी वाट काढा, आमची मुले मदत करतील. तेवढा वळसा तुमच्या पूर्वजांना काही जड जाणार नाही. जाताजाता पुजारी एवढेच म्हणून जातो की, ससाणाही बसू दे, गरुडही बसू दे. दोन दिवसांनी गावातली एक तरुण बाई बाळंतपणात दगावते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओबी उठतो तेव्हा कुंपण उपटलेले असते, फुले तुडवलेली असतात आणि शाळेची एक इमारत पाडलेली असते. नेमक्या त्याच दिवशी गोरा पर्यवेक्षक तपासणीला येतो आणि अहवालात लिहितो की, काही अंशी नव्या मुख्याध्यापकाच्या चुकीच्या दिशेने गेलेल्या उत्साहामुळे शाळा आणि गाव यांच्यात टोळीयुद्धासारखी परिस्थिती निर्माण होत आहे.

इंग्रजीत ज्याला आयरनी म्हणतात त्याला मराठीत एकच एक शब्द नाही. आपण कधी उपरोध म्हणतो, कधी वक्रोक्ती, कधी दैवदुर्विलास. वर्गात मी हे समजावून सांगत असताना मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला होता, ‘सर, करायला गेला गणपती अन् झाला मारुती.’ पाच गुणांच्या प्रश्नाला त्याहून चांगले उत्तर मी आजवर तपासलेले नाही. मात्र अचेबे यांच्या कथेत गणपतीचा मारुती होणे एवढेच नाही. ज्या तपासनिसासाठी बाग फुलवली, त्याच्याच नजरेला उद्ध्वस्त बाग पडावी हा पहिला पेच. जी वाट जवळजवळ वापरातून गेली होती, ती तार ओढल्यामुळे गावाच्या पुन्हा ध्यानात आली हा दुसरा. तिसरा पेच फार उशिरा लक्षात येतो आणि मला स्वतःला तो कळायला काही वर्षे लागली: ओबीची नेमणूकच त्याच्या उत्साहासाठी झाली होती, आणि जी मिशन व्यवस्था गावाच्या समजुती मोडायला तिथे आली तिच्याच पर्यवेक्षकाने त्या उत्साहाचा दोष ओबीच्या नावावर मांडला. वरून आलेला हुकूम इमानेइतबारे पाळणाऱ्या माणसाला शेवटी वरचेच लोक एकटे पाडतात, हे ज्याने कोणत्याही कार्यालयात नोकरी केली आहे त्याला नव्याने सांगण्याची गरज नाही.

ही कथा शिक्षणाच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. अचेबे यांचे वडील स्वतः मिशनच्या शाळेत शिकवणारे ख्रिस्ती धर्मप्रचारक होते, आणि शाळेने काय दिले हे त्यांच्या घराला पुरेपूर माहीत होते. पुजाऱ्याचे म्हणणेही शाळा बंद करा असे नाही. तो शाळेला एका पायवाटेपुरती जागा मागतो आहे.

आता माझा स्वतःचा कबुलीजबाब. तेरा वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या बाग समितीचा प्रमुख मी होतो. नदीच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना जास्वंद मीच लावून घेतली आणि दसऱ्याच्या बेताने झेंडूचे वाफेही मीच करवले. एके सकाळी डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक आजी वाफ्यातून चालत गेली, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो होतो, आणि त्यानंतरच्या तासाला वर्गात जाऊन हीच कथा शिकवली होती. ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ अशी टिपणे मी फळ्यावर लिहीत असताना पहिल्या बाकावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, ‘सर, आपल्या बागेत पण जास्वंदच आहे.’ वर्ग हसला. मीही हसलो, आणि नंतर बराच वेळ मला पुढचे वाक्य सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मी माळ्याला सांगून वाफ्यांच्या मधून दोन फुटांची जागा मोकळी करून घेतली. कथेने माझ्याकडून करवून घेतले ते एवढेच, पण ती कथा अभ्यासक्रमात नसती तर तेवढेही झाले नसते. सातवा आणि आठवा ठराव मी एकत्र का वाचतो, त्याचे कारण हे आहे.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली तक्रार वाटेची. गेल्या दिवाळीच्या सुटीत, महाविद्यालय बंद असताना, भिंत बांधून पूर्ण झाली. वाट ज्या ठिकाणी आवारात शिरते तिथे एक लोखंडी दार बसवले आणि त्याला कुलूप लावले. या वाटेने नदी, नदीपलीकडची शेते आणि स्मशान दहा मिनिटांवर होते. आता डांबरी रस्त्याने वळसा घालून पाऊण तास लागतो, आणि त्यात राज्य महामार्ग ओलांडावा लागतो. महाविद्यालयाची जमीन गावातल्या शेतकऱ्यांनी दिलेली आहे, हे आपल्या प्रवेशद्वारावरच्या संगमरवरी पाटीवर कोरलेले आहे. जमीन देताना वहिवाट दिली नव्हती. मी वकील नाही. पण शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीत अडथळा आणला तर तो दूर करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 ने तहसीलदारांना दिलेला आहे, आणि 20 वर्षे उघडपणे, विनाखंड वापरलेल्या वाटेचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 मान्य करतो, एवढे मला माहीत आहे. गाव अजून तहसील कचेरीत गेलेले नाही, कारण ज्यांच्याविरुद्ध अर्ज करायचा ते आपल्यातलेच आहेत ही भावना अजून टिकून आहे.

भिंतीमागे आपली काही कारणे होती, हे मी नाकारत नाही. संध्याकाळी मुलींच्या वसतिगृहापाशी मोटारसायकली घिरट्या घालत होत्या, एकदा पाण्याची मोटर चोरीला गेली होती, आणि याबद्दलच्या तक्रारी मीही प्राचार्यांकडे नेल्या होत्या. ओबीही काही दुष्ट माणूस नव्हता. पण मोटारसायकल अडवायची होती, तर चालणाऱ्यालाही अडवण्याचे कारण नव्हते. सुदानच्या तय्यिब सालिह यांची ‘वद हमीदचे डूम झाड’ ही कथा याच पेपरात होती. नाईलकाठच्या एका खेड्यात सरकारला पाण्याचा पंप बसवायचा असतो, आगबोटीचा थांबा करायचा असतो, आणि दर वेळी गावाच्या श्रद्धेचे झाड आणि त्याखालची कबर आड येते. झाडावरून थेट सरकार पडण्यापर्यंत मजल जाते, पुढारी भाषणे ठोकतात, झाडापाशी स्मारक उभे राहते, आणि गाव होते तिथेच राहते: पंप नाही, थांबा नाही. शेवटी म्हातारा निवेदक म्हणतो की, या सगळ्यांच्या ध्यानात एकच गोष्ट आली नाही. झाड, कबर, पंप आणि आगबोटीचा थांबा या सगळ्यांना पुरेल एवढी जागा तिथे होती. आपले आवार तर अठरा एकरांचे आहे.

दुसरी तक्रार प्रवेशपासाची. गावकऱ्यांनी कुरकुर केल्यावर महाविद्यालयाने ‘ग्रामस्थ प्रवेशपास’ सुरू केला. त्यासाठी छापील अर्ज, आधार कार्डाची छायाप्रत, दोन छायाचित्रे आणि मंडळाच्या एका सदस्याची शिफारस लागते. पास कार्यालयीन वेळेतच चालतो. शेतावर जाणाऱ्या बाया सकाळी सहाला निघतात. अर्जाचा नमुना इंग्रजीत आहे आणि त्यात ‘भेटीचा उद्देश’ असा रकाना आहे. एका म्हातारीने खिडकीवर विचारले की, शेळी चारायला असे लिहिले तर चालेल का, तेव्हा लिपिकाने तिच्या वतीने ‘वैयक्तिक काम’ असे लिहिले. तो बिचारा काय करणार. रकान्यात शेळीला जागा नव्हती.

सेनेगलच्या सेम्बेन उस्मान यांची ‘मनिऑर्डर’ ही दीर्घकथा मला या खिडकीपाशी उभे असताना आठवली. डाकारमध्ये राहणाऱ्या, दोन बायका आणि पुष्कळ मुले असलेल्या बेकार इब्राहिमा दियेंगला पॅरिसमध्ये राबणारा त्याचा पुतण्या 25,000 फ्रँकची मनिऑर्डर पाठवतो. त्यातले 20,000 पुतण्यासाठी सांभाळून ठेवायचे असतात, 3,000 पुतण्याच्या आईला द्यायचे असतात, आणि दियेंगच्या वाट्याला येणार असतात फक्त 2,000. तरीही वार्ता फुटताच शेजारीपाजारी उसनवारीला दारात उभे राहतात आणि वाणी उधारी वाढवत नेतो. टपाल कार्यालय ओळखपत्र मागते. ओळखपत्रासाठी छायाचित्रे, मुद्रांक आणि जन्मदाखला लागतो. जन्मदाखल्यासाठी जन्मतारीख लागते, आणि ती दियेंगला ठाऊक नसते. छायाचित्रकाराकडे पैसे जातात, छायाचित्र मिळत नाही, उलट मार मिळतो. अखेर एक सुशिक्षित नातलग त्याच्याकडून अधिकारपत्र लिहून घेतो, मनिऑर्डर वटवतो, आणि पाकीट मारले गेले असे सांगून त्याच्या हाती तांदळाचे पोते देतो. पैसे आल्यामुळे माणूस कर्जबाजारी होतो, अशी ही गोष्ट. आमच्या वर्गात तिचे सार एका ओळीत निघाले होते: घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. सेम्बेन यांनी पुढे 1968 मध्ये ‘मांदाबी’ नावाने तिचा वोलोफ भाषेत चित्रपट केला, कारण ज्यांच्याविषयी ते लिहीत होते त्यांना फ्रेंच वाचता येत नव्हते. आपल्या पासाचा अर्ज निदान मराठीत असावा, ही मागणी त्यामानाने किरकोळ आहे.

तिसरी तक्रार चौकशी समितीची. ग्रामपंचायतीचे निवेदन आल्यावर आपण पाच जणांची समिती नेमली. तिच्यात मंडळाचे दोन सदस्य, ज्यांनी भिंत बांधली ते कंत्राटदार, महाविद्यालयाचे अधीक्षक आणि आपले कायदेविषयक सल्लागार होते. वाट वापरणारे एकही माणूस नव्हते. त्याबद्दल विचारले असता, विषय तांत्रिक स्वरूपाचा असल्याचे कळवण्यात आले. हे उत्तर वाचून मी पत्र बाजूला ठेवले आणि कपाटातून केनियाच्या जोमो केन्याटा यांचे ‘फेसिंग माउंट केन्या’ काढले. लंडनमध्ये मानवशास्त्र शिकत असताना लिहिलेले हे पुस्तक 1938 मध्ये आले, आणि त्यात जंगलातल्या सद्गृहस्थांची एक छोटी रूपककथा आहे. वादळी पावसात हत्ती आपल्या मित्राच्या, म्हणजे माणसाच्या, झोपडीत सोंडेपुरती जागा मागतो. आपल्याकडे ज्याला चंचुप्रवेश म्हणतात त्यातलाच हा प्रकार. सोंडेमागून सगळा हत्ती आत येतो आणि माणूस बाहेर पडतो. वनराज सिंह चौकशी आयोग नेमतो. त्यात गेंडा, रानरेडा आणि मगर असतात, अध्यक्ष कोल्हा असतो आणि चिटणीस बिबट्या. माझ्या बाजूचे कोणी का नाही, असे माणूस विचारतो. त्याला उत्तर मिळते की, जंगलाच्या कायद्याचे बारकावे समजण्याइतके शिकलेले तुमच्यात कोणी नाही. माणूस दुसरी झोपडी बांधतो, ती गेंडा घेतो. असे एकेकाला घर मिळत जाते. शेवटी माणूस एक मोठी, झोकदार झोपडी बांधतो, सगळे सद्गृहस्थ तिच्यात शिरून भांडू लागतात, आणि माणूस तिला आग लावतो. शांतता महाग पडते, पण तेवढा खर्च करण्याजोगी ती असते, असे तो वर म्हणतो.

ब्रिटिशांनी केनियात जमिनी घेतल्या आणि मग त्यावर आयोग बसवले, त्याची ही थट्टा होती. पण मी वर्गात खरा थांबायचो तो यानंतरच्या हकिकतीपाशी. केन्याटा यांना 1952 मध्ये अटक झाली, 1961 पर्यंत ते तुरुंगात आणि स्थानबद्धतेत होते; 1963 मध्ये ते पंतप्रधान झाले आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष. त्यांच्याच राजवटीत, डिसेंबर 1977 मध्ये, न्गुगी वा थिओंगो या लेखकाला खटला न चालवता तुरुंगात टाकण्यात आले. गावकऱ्यांना घेऊन गिकुयू भाषेत बसवलेले त्याचे नाटक त्याआधी बंद पाडण्यात आले होते. न्गुगी यांनी कोठडीत शौचालयाच्या कागदावर कादंबरी लिहिली. झोपडीबाहेर भिजत उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट ज्याने लिहिली, तोच चाळीस वर्षांनी आयोग नेमणाऱ्याच्या आसनावर बसला होता. ही आयरनी कोणा कथाकाराने रचलेली नाही, म्हणून ती अधिक बोचते. अध्यक्षमहोदय, आपण स्वतः लहानपणी पलीकडच्या वस्तीवरून याच पायवाटेने अनवाणी शाळेत येत होता. हे मला आपल्याच सत्काराच्या भाषणातून कळले आहे.

चौथ्या तक्रारीबद्दल मला थोडक्यातच लिहिता येईल. महाविद्यालयाचे पहिले शिपाई, ज्यांनी 31 वर्षे आपली घंटा वाजवली, ते गेल्या आषाढात वारले. पाऊस होता आणि माणसे वयस्कर होती, म्हणून अंत्ययात्रा जुन्या वाटेने निघाली. दाराला कुलूप होते. किल्ली अधीक्षकांकडे होती आणि अधीक्षक एका चर्चासत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी गेले होते. त्या चर्चासत्राचा विषय इथे लिहिला तर मी तो रचला असे वाटेल, म्हणून लिहीत नाही. चाळीस मिनिटे तिरडी दाराशी थांबली आणि मग माणसे माघारी वळून महामार्गाने गेली. दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला महाविद्यालय परिवारातर्फे भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. दक्षिण आफ्रिकेच्या नादिन गॉर्डिमर यांच्या ‘सिक्स फीट ऑफ द कंट्री’ या कथेत जोहान्सबर्गजवळच्या शेतावरचे काळे मजूर पै-पै करून 20 पौंड जमवतात आणि मेलेल्या सोबत्याचा देह सरकारकडून सोडवून आणतात. अंत्ययात्रेत म्हातारा बाप म्हणतो, माझा मुलगा इतका जड नव्हता. पेटी उघडतात तर आत भलताच माणूस. पैसे परत मिळत नाहीत. मालकिणीकडून बापाला एक जुना सूट तेवढा मिळतो. श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहताना मला तो सूट आठवला.

इथे कथा आणि आयुष्य यांतला एक फरकही मला नोंदवला पाहिजे, कारण तो माझ्या युक्तिवादाच्या विरोधात जाणारा आहे. अचेबे यांच्या कथेत तपासनीस उद्ध्वस्त बाग पाहतो आणि वाईट अहवाल लिहितो. आपल्याकडे मूल्यांकन समिती पौष महिन्यात आली, दोन दिवस राहिली, आणि तिने ‘सुरक्षित व हरित परिसर’ असा चांगला शेरा दिला. आपण सादर केलेल्या सर्वोत्तम उपक्रमांत भिंतीचे रंगीत छायाचित्र आहे आणि त्याच पानावर ‘ग्रामस्थांशी सुसंवाद’ असा मथळा आहे. म्हणजे आपल्याला कोणी फटकारले नाही, इमारत पाडली नाही, जास्वंदही शाबूत आहे. कथेतला पेच निदान उलगडतो. आयुष्यात तो छापील अहवालात जाऊन बसतो आणि त्याला श्रेणी मिळते. म्हणूनच, गावाने तोडफोड केली नाही याचा अर्थ गावाला काही वाटले नाही असा मंडळाने काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटची तक्रार ठराव क्रमांक 8 ची. इतिवृत्तात एका सदस्यांचे मत नोंदले आहे की, आफ्रिकेचा आणि आपल्या मुलांचा संबंध काय. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरने या दख्खनच्या भूमीत जमीन महसुलाची घडी बसवली आणि 1610 च्या सुमारास खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, हे शहर वसवले. आफ्रिकेतल्या मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार 1752 पर्यंत गोव्यातून चालत होता. जंजिऱ्याचे सिद्दी तर शाळकरी मुलांनाही माहीत आहेत. पण संबंध सिद्ध करण्यासाठी इतके मागे जाण्याची गरज मला वाटत नाही. ज्या सभेत हा प्रश्न विचारला गेला, त्याच सभेत दुसरे एक सदस्य हसत म्हणाले की, गावाच्या पितरांना वळसा पडत असेल तर त्यांना मोबाइलवर नकाशा पाठवा. हे मला सभेला हजर असलेल्या एकाहून अधिक जणांनी सांगितले. ओबीने 1949 मध्ये पुजाऱ्याला हेच ऐकवले होते, फक्त त्याच्याकडे मोबाइल नव्हता. सदस्यमहोदयांनी ही कथा आपल्याच महाविद्यालयात माझ्याकडे वाचली होती. त्यांना तिच्यात पाचपैकी चार गुण मिळाले होते, हे मला आठवते, आणि ते गुण मीच दिले होते याची लाजही वाटते.

गेल्या वर्षी या पेपराला 11 विद्यार्थी होते. त्यातले सात जण नदीपलीकडच्या वस्त्यांवरचे, म्हणजे त्याच वाटेने येणारे होते. संभाषणकौशल्याला माझा विरोध नाही. ऐकून घेण्याचे कौशल्य त्यात कितपत शिकवले जाते, एवढीच शंका आहे.

माझ्या आणि निवेदनावर सह्या करणाऱ्या ग्रामस्थांच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पायवाटेवरचे कुलूप काढावे. मोटारसायकली अडवण्यासाठी दाराच्या जागी माणूस जाईल पण वाहन जाणार नाही अशी आडवी-तिडवी अरुंद वाट ठेवावी, आणि तिच्या शेजारी तिरडी जाईल एवढ्या रुंदीचे एक दार असावे. त्या दाराची एक किल्ली ग्रामपंचायतीकडे द्यावी. रात्री नऊनंतर वाट बंद ठेवण्यास गावाची हरकत नाही. वसतिगृहातल्या मुलींची काळजी गावालाही आहे, त्यात गावच्याही मुली आहेत.

ग्रामस्थ प्रवेशपास रद्द करावा. जी समिती नेमली होती ती बरखास्त करून नवी नेमावी, तिच्यात वाट वापरणारे निम्मे सदस्य असावेत, त्यांत किमान दोन स्त्रिया असाव्यात, आणि तिची बैठक चावडीवर व्हावी. इतिवृत्त मराठीत लिहून गावाच्या सूचना फलकावर लावावे.

अहवालातून भिंतीचे छायाचित्र आणि ‘ग्रामस्थांशी सुसंवाद’ हा मथळा काढावा. तो सुसंवाद झाल्यावर पुन्हा घालता येईल.

‘आफ्रिकी कथा’ हा पेपर पुढील शैक्षणिक वर्षापासून पुन्हा सुरू करावा. अध्यापक नसल्यास मी विनामानधन शिकवायला तयार आहे. मंडळाच्या ज्या सदस्यांना वेळ असेल त्यांनी पहिल्या तासाला बसावे. कथा चार पानांची आहे.

भाद्रपद वद्य प्रतिपदेला पितृपक्ष सुरू होतो. त्या पंधरवड्यात गावातली माणसे पूर्वापार याच वाटेने नदीवर जातात. किल्ली सध्या अधीक्षकांच्या टेबलाच्या उजव्या खणात असते, असे कळते. प्रतिपदेपूर्वी या पत्राचे लेखी उत्तर मिळावे आणि दार उघडलेले असावे, ही विनंती.

आपला नम्र,
इंग्रजी विभागाचा एक निवृत्त अध्यापक
आणि बाग समितीचा माजी प्रमुख